पादुका, सॅबो की खोळ? : एका युद्धसाहित्यविषयक संज्ञेची चिकित्सा

१

परिभाषेची चर्चा आपल्याकडे बहुतांशी नामांची चर्चा असते. एखादी परकीय वस्तू समोर आली की तिचे मराठी नाव संस्कृतातून घडवावे, लोकभाषेतून उचलावे की मूळचेच ठेवावे, यावर वाद सुरू होतो आणि बहुधा तेथेच संपतो. नाव ठरले म्हणजे काम झाले, अशी एक समजूत या वादाच्या मुळाशी असते. ती तपासून पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. पारिभाषिक शब्दाची परीक्षा कोशाच्या रकान्यात होत नाही, ती वाक्यात होते. आणि वाक्यात नामापेक्षा क्रियापदाचा वाटा मोठा असतो, हे एका उदाहरणाने दाखवावयाचे आहे.

उदाहरण म्हणून ‘सॅबो’ ही संज्ञा घेतली आहे. तोफेच्या नळीहून बारीक असलेला गोळा नळीतून नेणारी आणि बाहेर पडल्यावर त्याच्यापासून वेगळी होणारी जी योजना, तिला हे नाव आहे. भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याने तोफगोळ्याच्या वाटेला का जावे, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, ही वस्तू पुणेकरांना परकी नाही. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ सालचा आहे. रणगाड्याच्या तोफांसाठी या जातीचे गोळे ज्या संशोधनसंस्थेने तयार केले, ती शस्त्रास्त्र संशोधन व विकास आस्थापना १९५८ मध्ये स्थापन झाली असून ती पाषाण येथे आहे. देशातील आयुधनिर्माणींची २०२१ मध्ये पुनर्रचना झाली, तेव्हा दारूगोळ्याच्या कारखान्यांसाठी निघालेल्या कंपनीचे मुख्य कार्यालयही पुण्यातच आले. म्हणजे ही वस्तू जेथे कल्पिली जाते, रेखाटली जाते आणि तपासली जाते, तेथल्या रस्त्यावरची भाषा मराठी आहे. परंतु तिच्याविषयी चार सलग वाक्ये मराठीत लिहावयाची म्हटली तर लेखणी अडते. २०२१ पासून अभियांत्रिकीचे शिक्षण प्रादेशिक भाषांतून देण्यास तंत्रशिक्षण परिषदेने अनुमती दिली आहे, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जाही मिळाला आहे. अशा वेळी लेखणी नेमकी कोठे अडते, हे पाहणे अगत्याचे आहे.

२

संज्ञेची चिकित्सा करण्यापूर्वी वस्तू समजली पाहिजे. चिलखतभेदी गोळ्याच्या रचनेत दोन गरजा एकमेकींविरुद्ध उभ्या राहतात. नळीत असताना गोळ्याचा मागील पृष्ठभाग रुंद असावा. कारण पेटलेल्या दारूच्या वायूचा दाब जितक्या मोठ्या क्षेत्रावर पडेल तितके बळ अधिक. उलट नळीबाहेर आल्यावर तोच गोळा बारीक असावा. कारण हवेचा अडथळा बारीक वस्तूला कमी होतो, आणि चिलखतावर आदळताना सर्व ऊर्जा लहानशा जागी एकवटते. नळीत रुंद आणि हवेत बारीक अशी एकच वस्तू असू शकत नाही. म्हणून दोन वस्तू केल्या जातात. आत जड धातूचा बारीक गाभा, आणि त्याच्याभोवती नळी भरून काढणारे हलक्या द्रव्याचे वेष्टन. हे वेष्टन म्हणजे सॅबो.

त्याची कामे तीन. पहिले, गाभ्याला नळीच्या मध्यावर धरून वायूचे बळ त्याच्यापर्यंत पोचविणे. दुसरे, वायूला बाजूने निसटू न देणे. तिसरे, नळीच्या तोंडाबाहेर येताच गाभ्याच्या मार्गाला धक्का न लावता वेगळे होणे. वाहणे, अडविणे व सुटणे या तीन क्रिया ज्याला साधल्या तो सॅबो. मग त्याचा आकार कोणताही असो.

आकार मात्र काळानुसार पुष्कळ बदलला आहे. तोंडाकडून ठासण्याच्या तोफांच्या काळात सॅबो म्हणजे गोल गोळ्याच्या बुडाशी कथलाच्या पट्ट्यांनी बांधलेली लाकडी तबकडी होती. फुटणाऱ्या गोळ्याची वात नळीच्या तोंडाकडे राहावी व गोळा नळीत गडगडू नये, एवढेच तिचे काम. बारीक गाभ्यासाठी सुटणारे वेष्टन करण्याची कल्पना दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास फ्रान्समध्ये एडगर ब्रांट यांच्या कारखान्यात आकारास येत होती. पुढे इंग्लंडमध्ये परमुटर व कॉपॉक या अभियंत्यांनी ती रणगाडाविरोधी तोफेसाठी सिद्धीस नेली आणि १९४४ मध्ये टंगस्टन कार्बाइडचा गाभा असलेले असे गोळे रणांगणावर आले. हे गोळे भोवऱ्याप्रमाणे स्वतःभोवती फिरत, आणि त्या फिरण्यामुळेच त्यांची दिशा स्थिर राही. परंतु भोवरा फार लांबुडका करता येत नाही. गाभ्याची लांबी जाडीच्या पाचसहा पटींपलीकडे गेली की फिरण्याने तो सावरत नाही. अधिक खोल भेदावयाचे तर गाभा लांब हवा. आणि लांब गाभ्याला भोवऱ्याऐवजी बाणाची रीत पत्करावी लागते, म्हणजे शेपटाला पंख द्यावे लागतात. १९६० नंतरच्या दशकांत ही रीत सर्वत्र रूढ झाली. टंगस्टनच्या मिश्रधातूची लांब सळई, मागे पंख, आणि मध्यभागी तीन पाकळ्यांचा सॅबो, असे या गोळ्याचे आजचे परिचित रूप आहे. त्याचा वेग सेकंदास दीड हजार मीटरहून अधिक असतो.

३

आता नावाकडे वळू. ‘सॅबो’ हा मूळचा फ्रेंच शब्द. अर्थ लाकडी जोडा. लाकडी तबकडीवर बसलेला गोळा पाहून कोणाला तरी जोड्यात घातलेल्या पावलाची आठवण झाली, आणि नाव पडले. याच शब्दापासून ‘सॅबोटाज’ निघाला. संपावरील कामगारांनी यंत्रांत लाकडी जोडे फेकले म्हणून घातपाताला हे नाव मिळाले, अशी कथा सर्वत्र सांगितली जाते. परंतु तिला पुरावा नाही. लाकडी जोडे घालून खटखट चालणे, त्यावरून काम ओबडधोबड करणे, आणि त्यावरून मुद्दाम बिघडविणे, असा क्रियापदाचा अर्थविस्तार अधिक संभवनीय आहे. शब्दाच्या व्युत्पत्तीची कथा जितकी चटकदार तितकी ती संशयास्पद, हा नियम विद्यार्थ्यांनी येथेही लक्षात ठेवावा.

इतर भाषांनी याच वस्तूला काय म्हटले ते पाहणे उद्बोधक आहे. जर्मनीत तिला ‘ट्राइबश्पीगेल’ म्हणतात. पहिला घटक हाकणे, रेटणे या अर्थाचा. दुसऱ्याचा अर्थ आरसा, म्हणजे येथे सपाट तबकडी. रशियन भाषेत ‘पद्दोन’ हा शब्द आहे. त्याचा अर्थ खाली ठेवलेले तबक. फ्रेंचांनी जोडा पाहिला, जर्मनांनी आरसा पाहिला, रशियनांनी तबक पाहिले. तिघांनीही वस्तू गोळ्याच्या बुडाशी पाहिली, कारण त्या काळी ती बुडाशीच होती.

आजचा सॅबो बुडाशी नसतो. तो सळईच्या कमरेला असतो. सळईवर व त्याच्या आतल्या अंगावर एकमेकांत बसणारे आटे कापलेले असतात आणि त्या आट्यांतून बळ सळईकडे जाते. म्हणजे तो सळईला मागून ढकलण्यापेक्षा कमरेला धरून नेतो. जोडा कमरेला नसतो. वस्तू पायाकडून कमरेकडे सरकली, नाव मात्र पायाशीच राहिले. जर्मन तंत्रज्ञांनी पुढे नव्या रूपासाठी ‘ट्राइबकेफिग’, म्हणजे हाकणारा पिंजरा, असा दुसरा शब्द चालविला. इंग्रजीने जुनाच ठेवला. त्यामुळे इंग्रजीचे काही बिघडले नाही. कारण इंग्रजी वाचकाला त्या शब्दात जोडा दिसतच नाही. तेथे तो केवळ खूण आहे.

४

मराठीपुढील पर्यायांचा विचार करण्याआधी मराठीची युद्धविषयक शब्दसंपत्ती कशी घडली याचे स्मरण उपयुक्त होईल. छत्रपती शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून रघुनाथपंडितांनी १६७७ च्या सुमारास राज्यव्यवहारकोश रचला. त्यात तेराशेंहून अधिक शब्दांना संस्कृत पर्याय दिले असून शस्त्रांसाठी स्वतंत्र वर्ग आहे. त्या कोशाचे राजकीय व सांस्कृतिक मोल वादातीत आहे. तथापि ‘तोफ’ आणि ‘बंदूक’ हे शब्द त्याने हटले नाहीत. पहिला तुर्की, दुसरा अरबी-फारसीतून आलेला. ‘गोलंदाज’ फारसी घडणीचा. ‘काडतूस’, ‘पिस्तूल’ व ‘कडाबीन’ युरोपीय. ‘गारदी’ हा फ्रेंच ‘गार्द’ यावरून आला, असे सामान्यतः मानले जाते. ‘दारू’चा मूळ फारसी अर्थ औषध, मराठीत तो शब्द नळीतही गेला आणि पेल्यातही गेला. या शब्दांपैकी एकाचाही मूळ अर्थ वापरणाऱ्याला ठाऊक असण्याची गरज पडली नाही.

दुसरीकडे मराठीने स्वतःच्या घरातूनही शब्द काढले. ‘उखळी तोफ’ हा स्वयंपाकघरातून आला. ‘ठासणीची बंदूक’ हा शब्द हाताच्या क्रियेवरून आला. बंदुकीचा ‘घोडा’, तिचा ‘चाप’, ‘बत्ती देणे’, ‘पाणबुडी’, ‘सुरुंग’, ‘रणगाडा’ हे सर्व शब्द कोणत्याही शाळकरी मुलाला कळतात. यांत आकारावरून आलेले शब्द आहेत, क्रियेवरून आलेले आहेत, आणि उसने घेतलेलेही आहेत. कोणत्या कुळातला शब्द टिकेल, याचा नियम या यादीतून निघत नाही. टिकलेल्या सर्वांत एकच गुण समान दिसतो : त्यांच्याभोवती क्रियापदे जमली. तोफ डागतात, बार काढतात, बंदूक ठासतात, चाप ओढतात, सुरुंग पेरतात व उडवितात. ज्या शब्दाला क्रियापदाची सोबत मिळाली नाही, तो कोशात उरला.

५

ही कसोटी घेऊन सॅबोसाठी सहज सुचणारे पर्याय तपासू.

‘पादुका’ किंवा ‘खडाव’ हा शब्दशः अनुवाद. लाकडी पादत्राण या अर्थाने तो मूळ शब्दाच्या अगदी जवळ आहे, आणि म्हणूनच तो टाळावा. फ्रेंच जोड्याचे रूपक वस्तूच्या जुन्या अवस्थेतून आले होते. आपण ते आज भाषांतरित केले तर एक जीवाश्म आयात केल्यासारखे होईल. इंग्रजी वाचकाला न दिसणारा जोडा मराठी वाचकाला मात्र ठळक दिसेल. त्यातच ‘पादुका’ म्हटल्याबरोबर आळंदी-देहूच्या पालख्या डोळ्यांपुढे येतात. ज्या शब्दाला नमस्कार करण्याची सवय आहे, तो दारूगोळ्याच्या तक्त्यात बसविणे हे औचित्याला धरून नाही.

‘उपव्यासवाहक’ या धर्तीचा संस्कृत समास हा दुसरा पर्याय. येथे दोष शब्द संस्कृत असण्याचा नाही, उपसर्गाचा आहे. इंग्रजीतील ‘सब’ या पूर्वपदाला येथे ‘कमी’ हा अर्थ आहे. मराठीत ‘उप’ हा बहुधा ‘दुय्यम’ किंवा ‘जवळचा’ या अर्थाने येतो : उपनगर, उपनदी, उपसंपादक, उपकुलगुरू. उपनदी म्हणजे अरुंद नदी नव्हे. म्हणून ‘उपव्यास’ याचा अर्थ वाचक ‘दुय्यम व्यास’ असा करील आणि फसेल. समासच हवा असेल तर ‘न्यूनव्यास’ अधिक अचूक. कारण ‘न्यून’मध्ये मापाची तुलना आहे. साधी मराठी तर याहून सोपे सांगते : नळीहून बारीक गोळा.

तिसरा प्रश्न ‘सुटून पडणारा’ या विशेषणाचा. त्यासाठी इंग्रजीत जो शब्द आहे, त्याचा अर्थ ‘टाकून देणारा’ असा होतो. त्याचे ‘परित्यक्त’ किंवा ‘त्यागी’ असे रूपांतर सुचते. दोन्ही शब्दांना मराठीत स्वतःचे आयुष्य आहे. ‘परित्यक्ता’ म्हणताच नवऱ्याने टाकलेली स्त्री आठवते. ‘त्यागी’ म्हणताच साधुपुरुष आठवतो. एक शब्द करुणेकडे नेतो, दुसरा आदराकडे. तोफेकडे कोणीच नेत नाही.

चौथा पर्याय मूळ शब्दच ठेवण्याचा. व्याकरणदृष्ट्या ‘सॅबो’ मराठीत अडत नाही. फोटो, किलो, रेडिओ यांप्रमाणे तो पुल्लिंगी ओकारान्त राहील. सॅबोचा, सॅबोने, सॅबोत अशी रूपे विनासायास होतात, आणि अनेकवचनात बदल होत नाही. ‘सॅबॉट’ असे अक्षरशः वाचून केलेले लेखन मात्र टाळावे, कारण शेवटचा वर्ण उच्चारला जात नाही. शब्द अपारदर्शक आहे हा आक्षेप टिकणारा नाही. ‘तोफ’ही अपारदर्शकच आहे. गारदी ज्या वाटेने आला, त्या वाटेने सॅबोही येऊ शकेल. खरा आक्षेप निराळा आहे. उसना शब्द घेतला म्हणजे आपण वस्तू समजावून सांगण्याच्या जबाबदारीतून मोकळे झालो, असे लेखकाला वाटू लागते. मग पुढील सर्व वाक्य इंग्रजी होते आणि शेवटी ‘होतो’ वा ‘करतो’ एवढेच मराठी उरते. ‘सॅबो डिस्कार्ड होतो’ या वाक्यात मराठीने फक्त पूर्णविराम दिला आहे.

६

म्हणून नामावरून क्रियेकडे वळले पाहिजे. नळीच्या तोंडाबाहेर नेमके काय घडते? सॅबोच्या पुढील अंगाला खोलगट ओठ असतो. नळीबाहेर येताच समोरची हवा त्या ओठात शिरते, पाकळ्यांना मागे व बाहेर रेटते, त्यांना एकत्र ठेवणारे कडे तुटते, आणि पाकळ्या तीन दिशांना जातात. सळई त्यांना टाकीत नाही. पाकळ्याही सळईला सोडीत नाहीत. कर्ता कोणीच नाही. इंग्रजी संज्ञेतील सकर्मक क्रियेने सळईकडे असे कर्तृत्व दिले आहे, जे तिच्याकडे नाही.

मराठीत अशा घटनेसाठी क्रियापदांची एक नियमबद्ध व्यवस्थाच आहे. तुटणे-तोडणे, फुटणे-फोडणे, फाटणे-फाडणे, सुटणे-सोडणे या जोड्यांत पहिले रूप आपोआप घडणारी क्रिया दाखविते, दुसरे कर्त्याने घडविलेली. मूळ धातूतील ट-ड हा पालट केवळ ध्वनीचा नाही. घटनेत कर्ता आहे की नाही, हे तो सांगतो. यंत्रशास्त्राच्या लेखनाला ही व्यवस्था फार उपकारक आहे. ‘कडे तुटते’ आणि ‘कडे तोडतात’ यांतला भेद म्हणजे रचनेतला भेद आहे. एका ठिकाणी हवेचा रेटा पुरेसा आहे, दुसऱ्या ठिकाणी वेगळी योजना लागेल. मराठी लेखकाला हा भेद एका अक्षरात दाखविता येतो.

त्यातही ‘सुटणे’ या क्रियापदाचे या प्रसंगी विशेष महत्त्व आहे. धनुष्यापासून बाण सुटतो आणि गाठही सुटते. एका अर्थात वेगाने निघणे आहे, दुसऱ्यात बंधनातून मोकळे होणे आहे. पंख असलेल्या लांब सळईला ‘बाण’ म्हणण्यास काहीच प्रत्यवाय नाही. ज्या फ्रेंचांकडून सॅबो हा शब्द आला, ते स्वतः या गोळ्याला ‘बाण-गोळा’ या अर्थाच्या नावानेच ओळखतात. आणि वेष्टनाला ‘खोळ’ म्हटले तर सर्व घटना एका वाक्यात येते : नळीतून बाण सुटतो आणि बाणावरून खोळ सुटते. या वाक्यात कोणताही शब्द नवा नाही, कोणताही शब्द ताणलेला नाही. आणि न्यूनव्यास गोळ्याचे मूलतत्त्व त्यात पुरते आले आहे.

‘खोळ’ या शब्दावरही आक्षेप घेता येईल. उशीची खोळ उशीला वाहून नेत नाही. सॅबो मात्र सर्व भार वाहतो. आक्षेप खरा आहे. सॅबोच्या तिन्ही क्रिया पोटात घेणारे नाम मराठीत नाही. पण ते फ्रेंच, जर्मन वा रशियन भाषेतही नाही. प्रत्येक भाषेने नामात एक अंग पकडले आणि उरलेली अंगे वाक्यावर सोपविली. मराठीने झाकणे व सुटणे ही अंगे नामाकडे द्यावीत आणि वाहणे क्रियापदाकडे ठेवावे : खोळ बाणाला नळीतून वाहून नेते.

७

वाघोलीचे उदाहरण येथे प्रस्तुत ठरेल. हे गाव पेशवाईतील सरदार पिलाजी जाधवराव यांचे. एके काळी फौजेची परिभाषा येथे वाड्यात आणि पागेत वावरत असे. पुणे-नगर रस्त्यावरील हे गाव २०२१ मध्ये पुणे महानगरपालिकेत आले. आज त्याच्या परिसरात अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत, आणि लेथ चालविणारे लहानमोठे कारागीरही आहेत. दोघांची तांत्रिक भाषा ऐकली तर एक गोष्ट ध्यानात येते. कारागीर नामे बिनदिक्कत उसनी घेतो; चक, बुश, जॉब, टूल हे त्याचे रोजचे शब्द. पण त्याची क्रियापदे मराठी असतात. तो जॉब चकात ‘धरतो’, बुश ‘ठोकतो’, आटे ‘पाडतो’, कड ‘मारतो’. बुश ‘ढिला होतो’, आटे ‘झिजतात’. विद्यार्थी बरोबर उलट करतो. त्याची क्रियापदे इंग्रजी होतात आणि मराठीचे केवळ प्रत्यय उरतात. कारागिराचे वाक्य मराठी राहते, विद्यार्थ्याचे राहत नाही; वास्तविक उसन्या शब्दांची संख्या दोघांचीही जवळजवळ सारखीच असते.

सॅबोचे वर्णन कारागिराच्या या रीतीने केले तर बहुतेक अडचणी आपोआप सुटतात. सळईवरच्या खाचांना ‘आटे’ हा रूढ शब्द आहेच. सॅबोच्या एका जुन्या घडणीला इंग्रजीत खोगिराचे नाव आहे, तेव्हा ‘खोगिरी सॅबो’ म्हणता येईल. सॅबोचे वजन नळीत ऊर्जा खाते पण लक्ष्यापर्यंत पोचत नाही. म्हणून रचनाकाराची सर्व धडपड ते कमी करण्याची असते, आणि त्यासाठीच ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूनंतर तंतुयुक्त संमिश्र द्रव्ये आली. या निरुपयोगी ठरणाऱ्या वजनाला इंग्रजीत परोपजीवी वजन म्हणतात. मराठीत ‘खोगीरभरती’ हा शब्द जणू त्याच्याचसाठी वाट पाहत होता. अर्जुन रणगाड्याच्या १२० मिलिमीटर तोफेला नळीत पेचदार खाचा आहेत. त्या गोळ्याला फिरवू पाहतात, आणि पंखांच्या बाणाला फार फिरणे सोसत नाही. म्हणून वायू अडविणारे बाहेरचे कडे सॅबोवर घसरू दिलेले असते. ‘कडे फिरते, बाण फारसा फिरत नाही’ एवढे म्हटले की विद्यार्थ्याला कल्पना येते. ‘घसरते कडे’ ही संज्ञा त्या वाक्यातून आपोआप निघते.

८

याचा अर्थ लोकभाषेने सर्व काम भागेल असा मात्र नाही. सॅबोच्या रचनेत सर्वांत अवघड प्रश्न आट्यांच्या मुळाशी येणाऱ्या बळाचा असतो. तेथे ‘ताण’ हा बोलीतला शब्द अपुरा पडतो. कारण बोलीत ताण म्हणजे ओढही असते, ओढीने पदार्थात उत्पन्न झालेला प्रतिकारही असतो, आणि मनाचा त्रासही असतो. ‘प्रतिबल’ आणि ‘विकृती’ या घडविलेल्या संज्ञांचे मोल येथे कळते. एकक्षेत्रावरील अंतर्गत बळ आणि आकारातला सापेक्ष बदल ही दोन मापे वेगळी ठेवल्यावाचून गणितच होत नाही. जेथे माप आहे तेथे घडविलेली, निश्चितार्थ संज्ञा हवी; जेथे घटना आहे तेथे रूढ क्रियापद हवे. शुद्धिवादी आणि सुलभतावादी यांच्या वादात हा भेदच नजरेआड होतो, आणि दोघेही आपापली उदाहरणे निवडून जिंकल्यासारखे वाटतात.

आणखी एका गोष्टीचे भान हवे. ‘पाकळ्या’ हा शब्द इंग्रजीवरून आला तरी मराठीत तो सहज बसतो, म्हणून वरही तो वापरला आहे. परंतु ‘पाकळ्या उमलतात’ असे लिहिण्याचा मोह लेखकाने आवरावा. रणगाड्यात माणसे बसलेली असतात. त्यांच्याभोवतीचे पोलाद भेदण्यासाठी ही सर्व योजना आहे. शिवाय सुटलेल्या पाकळ्याही निरुपद्रवी नसतात. तोफेच्या पुढे असलेल्या स्वपक्षाच्या पायदळालाही त्यांच्यापासून धोका असतो, आणि त्यासाठी तोफेपुढचे काही क्षेत्र वर्ज्य मानावे लागते. ‘उमलणे’ या क्रियापदात ती वस्तू कोठेतरी पडते, हे लोपते. ‘सुटणे’ म्हटले की, सुटून कोठे गेली, हा प्रश्न वाचक विचारतो. शब्दाने प्रश्न जागा ठेवावा, निजवू नये. युद्धसाहित्याच्या परिभाषेत हे केवळ शैलीचे पथ्य राहत नाही, ते सत्यकथनाचे पथ्य ठरते.

९

एवंच, सूचीत ‘सॅबो’ हे नाव ठेवण्यास हरकत नाही. अभियंते तेच वापरतात, आणि ज्याला पुढे इतर भाषांतील ग्रंथ वाचावयाचे आहेत त्याला ते लागेलच. परंतु त्याचे विवरण ‘सुटणारी खोळ’ असे द्यावे. आणि त्या नोंदीत केवळ पर्यायी नाम न देता एक संपूर्ण वाक्य द्यावे. परिभाषाकोशांच्या रचनेविषयी ही सूचना सर्वच शास्त्रांसाठी करावीशी वाटते. इंग्रजी नाम, मराठी नाम अशा दोन रकान्यांच्या कोशाला तिसरा रकाना हवा, आणि त्यात त्या संज्ञेबरोबर येणारी क्रियापदे हवीत. तोफेपुढे ‘डागणे’ असावे, आट्यांपुढे ‘पाडणे, बसणे, झिजणे’ असावे, खोळीपुढे ‘वाहणे, अडविणे, सुटणे’ असावे.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी कोणी हे काम हाती घेतल्यास त्याला साहित्य फार दूर शोधावे लागणार नाही. खडकी, पाषाण व वाघोली या तीन ठिकाणच्या कारागिरांची क्रियापदे गोळा केली तरी एक चांगला प्रबंध होईल. त्यात नामे बहुतेक उसनी सापडतील, त्याची खंत नसावी. मराठीत एखाद्या यंत्राविषयी विचार होतो की नाही हे त्याच्या नावावरून ठरत नाही. त्याच्याविषयीचे वाक्य कोणत्या क्रियापदावर संपते, यावरून ते ठरते.